चीनमध्ये शिकवत राहायचं की परत यायचं? करारावर सही करण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही चांगशातल्या एका खासगी शाळेच्या इंटरनॅशनल विभागात अकरावी-बारावीला गणित शिकवता. चौदा महिने झाले. बायको सांगलीला आहे. करार पुढे वाढवायचा की नाही, हे शाळेला चिनी नववर्षाच्या सुट्टीआधी कळवायचंय. त्यानंतर तुम्ही जे जे डोक्यात जातं ते सगळं लिहिलंय. रात्री दहाला निरोप येतो की उद्या रविवार असला तरी शाळा आहे. बँकेत नाव जुळत नाही म्हणून तीन हेलपाटे झाले. घरी व्हिडिओ कॉल करायचा तर आधी व्हीपीएनशी, म्हणजे तिथे बंद असलेली ॲप्स उघडून देणाऱ्या सॉफ्टवेअरशी झटापट. शाकाहारी आहे म्हणून सांगितलं तरी भाजीत मांसाचे तुकडे निघतात. वर्गात हाडं गोठतात. रस्त्यात लोक टक लावून बघतात. मुलं तोंड उघडत नाहीत. शनिवारी शाळेच्याच दुसऱ्या सेंटरवर इंग्रजी बोलण्याचे दोन तास घ्यावे लागतात. ऑफिस कशालाही 'हो' म्हणतं आणि पुढे काहीच होत नाही. आणि शेवटचं वाक्य: "सगळे म्हणतात पैसा आहे, राहा. पण मी रोज चिडून घरी येतो."

मी २०११ मध्ये फिजिक्स शिकवायला झेंगझोऊला गेले. चार वर्षं तिथे आणि नंतर आठ वर्षं सुझोऊला. शेवटची पाच वर्षं विभागप्रमुख होते. परदेशी शिक्षकांच्या मुलाखती, करार, आजारपणं, भांडणं, राजीनामे, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. २०२३ मध्ये परत आले. त्यामुळे राहण्याची बाजूही मला माहीत आहे आणि निघण्याचीही.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमच्या यादीतल्या नऊ गोष्टींपैकी आठ कटकटी आहेत. एक कटकट नाही, धोका आहे, आणि ती तुम्ही ओघात एका ओळीत लिहून पुढे गेलात. ती म्हणजे शनिवारचे ते दोन तास. त्यावर येतेच. पण तुमची खरी अडचण मला इथेच दिसते. चपलेतल्या खड्यानं माणूस इतका हैराण होतो की रस्त्यातला खड्डा दिसत नाही. माझ्यासमोर जे राजीनामे आले, त्यातले निम्मे तरी खड्याला कंटाळून दिलेले होते. आणि ज्यांनी खरोखर निघायला हवं होतं, ते सगळ्या खड्यांची सवय झाली म्हणून राहिले होते. रोज किती चिडचिड होते यावरून राहायचं की जायचं ठरवू नका. हे माप दोन्ही बाजूंनी फसवतं.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हेही खरं. शांघाय किंवा सुझोऊत राहणाऱ्या माणसाचा चीन आणि हूनानमधल्या, म्हणजे चांगशा ज्या प्रांतात आहे तिथल्या माणसाचा चीन वेगळा. सरकारी शाळेचा इंटरनॅशनल विभाग, खासगी द्विभाषिक शाळा, विद्यापीठ आणि क्लासेस या चार वेगळ्या नोकऱ्या आहेत, बाहेरून सगळ्यांना 'वायच्याओ', म्हणजे परदेशी शिक्षक, असं एकच नाव असलं तरी. एकटा माणूस आणि गावाकडे संसार असलेला माणूस यांचा हिशेब एक नसतो. म्हणून मी तुम्हाला 'राहा' किंवा 'या' असं सांगणार नाही. मी माझ्या शिक्षकांना काय विचारायचे तेवढं सांगते.

माझा पहिला प्रश्न असायचा: ही गोष्ट भाषा आली तर सुटेल का? नाही, तर शाळा बदलली तर सुटेल का? तेही नाही, तर गाव बदललं तर? ज्याचं उत्तर तिन्हीला 'नाही' असेल, तेवढंच देश सोडण्याचं कारण. तुमच्या यादीला हे लावून बघू.

ऐनवेळच्या निरोपांनी पहिली दोन वर्षं मीही धुमसत होते. मला वाटायचं, परक्या बाईला कोण विचारतंय. मग एकदा शेजारच्या टेबलावरच्या चिनी बाईंना विचारलं, तुम्हाला कधी कळलं? त्यांनी फोन दाखवला. त्यांनाही आदल्या रात्री नऊला कळलं होतं. निर्णय शिक्षण खात्याकडून मुख्याध्यापकांकडे, तिथून विभागाकडे येतो आणि वीचॅटच्या, म्हणजे तिथल्या व्हॉट्सॲपसारख्या ॲपच्या ग्रुपवर पडतो. तो चिनी भाषेत असतो. परदेशी शिक्षकांपर्यंत तो कुणीतरी भाषांतर करून पाठवेपर्यंत दहा वाजतात. म्हणजे तुमचा अपमान होत नाहीये. तुम्ही रांगेत शेवटी उभे आहात इतकंच. चिनी शिक्षकांच्या ग्रुपमध्ये घ्या म्हणून सांगा आणि भाषांतराचं बटण वापरा. रविवारच्या शाळेचं तर आधीच कळू शकतं. मोठ्या सुट्टीच्या बदल्यात शनिवार-रविवारी काम करायची जी पद्धत आहे, तिला 'त्याओश्यू' म्हणतात, आणि पुढच्या वर्षीच्या त्या सगळ्या तारखा सरकार आदल्या वर्षाच्या शेवटी जाहीर करतं. त्या दिवशीच कॅलेंडरवर गोल करून ठेवा. माझ्या विभागात मी हे सक्तीचं केलं, आणि या एका विषयावरची भांडणं जवळजवळ थांबली.

थंडीचं कारण भूगोलात आहे. क्विनलिंग डोंगर आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेला सरकारी केंद्रीय हीटिंग आहे, दक्षिणेला पूर्वापार नाही. चांगशा दक्षिणेत येतं. म्हणून बीजिंगच्या वर्गात मुलं स्वेटरमध्ये बसतात आणि तुमच्याकडे कोट घालून, तेही हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या उघड्या टाकून. झेंगझोऊहून सुझोऊला गेल्यावर मला वाटलं होतं, दक्षिण आहे, ऊब असेल. पहिल्या हिवाळ्यात बोटांना सूज आली. थर्मल घाला, गरम पाण्याची बाटली हातात ठेवा. चिनी सहकारी दिवसभर गरम पाणी का पितात ते डिसेंबरात आपोआप कळतं.

बँकेचं दुखणं आपल्या नावांचं आहे. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असा आपला लांबलचक ऐवज. एका ठिकाणी तो आडनाव आधी घेऊन भरतात, दुसरीकडे मधलं नाव गाळतात, तिसरीकडे रकानाच संपतो. पासपोर्टवर जसं आहे, त्याच क्रमानं आणि तेवढ्याच जागा सोडून बँक, सिमकार्ड, कर खातं आणि वर्क परमिट या चारही ठिकाणी एकच नाव करून घ्या. एक आख्खा दिवस जाईल, पण पुढची कित्येक वर्षं सुटका होईल. जेवणाचं म्हणाल तर नुसतं 'वो छ्र सू', मी शाकाहारी, यानं भागत नाही. हूनानच्या स्वयंपाकात मांसाचे चार तुकडे म्हणजे मीठ घातल्यासारखं असतं, त्याला कुणी 'मांसाचा पदार्थ' म्हणत नाही. काय काय नको ते एकेक नाव घेऊन सांगा, चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा. आणि बौद्ध मठांजवळची शाकाहारी खानावळ शोधा. झेंगझोऊत अशा एका खानावळीनं मला दोन वर्षं जगवलं.

थंडी सोडली, तर हे सगळं भाषेनं सुटणारं आहे. तुम्ही चौदा महिन्यांत किती चिनी शिकलात ते लिहिलेलं नाही. न लिहिण्यावरूनच अंदाज येतो, आणि रागावू नका, पण ते मला खटकलं. चिनी भाषेच्या जुन्या एचएसके परीक्षेची तिसरी पातळी ६०० शब्दांची होती. रोज अर्धा तास दिला तर वर्षभरात जमण्यासारखी गोष्ट आहे, आणि बँक, दुकान, टॅक्सी, शाळेचा शिपाई एवढं त्यात येतं. झेंगझोऊला असताना मी एकदा मुद्दाम रेल्वेनं शिजियाझुआंगला गेले. तिथे आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर युद्धात होरपळलेल्या चीनमध्ये गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. आपण त्यांना डॉक्टर म्हणून ओळखतो, पण ते शिक्षकही होते. चिनी शिकून त्यांनी तिथल्या मेडिकल स्कूलमध्ये विद्यार्थ्यांना शिकवलं. चार-पाच वर्षांत, युद्ध चालू असताना. त्यांचं चिनी नाव 'क तीहुआ'. माझ्या शेजारच्या आजोबांना मी भारतीय आहे असं सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडून पहिलं नाव हेच निघालं. त्या दिवसानंतर मी माझी शिकवणी कधी चुकवली नाही.

टक लावून बघणाऱ्यांबद्दल मात्र दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. रस्त्यात 'लाओवाय', म्हणजे परदेशी, म्हणून हाक मारणारी पोरं, बसमध्ये टिकलीकडे बघणारी म्हातारी, आमीर खानचं नाव घेणारा टॅक्सीवाला, यात कुतूहल असतं. चार वाक्यं चिनीत बोललात की त्याचं गप्पांत रूपांतर होतं. पण शाळेच्या आत रंगावरून वागणूक बदलत असेल, तर ती गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. मी एका शाळेत असताना पालकांच्या भेटीच्या दिवशी मला मागच्या रांगेत बसायला सांगितलं गेलं, आणि ज्यानं फिजिक्स कधी शिकवलं नव्हतं अशा गोऱ्या सहकाऱ्याला पुढे उभं केलं. मी त्या शाळेत पुढचं वर्ष काढलं नाही. याला 'शाळा बदलली तर सुटेल' हे उत्तर लागू पडतं, आणि माझ्या बाबतीत पडलंही. तुमच्याकडे हे रस्त्यात होतं की स्टाफरूममध्ये, ते तुम्हीच बघा. स्टाफरूममध्ये होत असेल तर पैशासाठी सोसू नका.

आता शनिवारचे तास. हे नीट वाचा.

तुमचं वर्क परमिट एका मालकाच्या नावावर आणि एका कामासाठी आहे. 'शाळेचंच दुसरं सेंटर' असं तुम्हाला सांगितलंय, पण ते सेंटर वेगळी कंपनी म्हणून नोंदलेलं असेल, आणि बहुतेक वेळा असतंच, तर तिथे शिकवणं हे परवान्याबाहेरचं काम झालं. १ जुलै २०१३ पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यात बेकायदा काम करणाऱ्या परदेशी माणसाला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी. एक युआन साधारण १२-१३ रुपयांना धरा म्हणजे आकडा कळेल. दंड मालकालाही होतो, पण मालक दंड भरून दुकान चालू ठेवतो. तुमच्या नोंदीवर जो डाग पडतो, तो पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या वेळी तुमच्या आड येतो.

यात आणखी दोन गुंते आहेत. एक म्हणजे तुम्ही भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिकवताय. भाषा शिकवण्याच्या परवान्यासाठी ती भाषा मातृभाषा असलेल्या देशाचा नागरिक असावं लागतं, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे, आणि इंग्रजीच्या बाबतीत त्यांच्या यादीत आपला देश धरत नाहीत. आपल्यापैकी जे तिथे कायदेशीरपणे शिकवतात ते बहुतेक गणित, विज्ञान असे विषय किंवा मेडिकल कॉलेजात शिकवतात. म्हणजे तपासणी झालीच, तर 'गणितातून थोडी मदत केली' एवढंही म्हणायची सोय उरत नाही. दुसरा गुंता मुलांच्या वयाचा. जुलै २०२१ मध्ये आलेल्या 'श्वांगज्यान' धोरणानंतर पहिली ते नववीच्या मुलांना शनिवार-रविवारी आणि सुट्टीत शालेय विषयांचे क्लास घ्यायला बंदी आहे, आणि इंग्रजी हा शालेय विषय आहे. त्या धोरणानंतर कितीतरी मोठमोठे क्लास बंद पडले. माझ्या ओळखीतल्या काही परदेशी शिक्षकांचे शेवटचे दोन-दोन पगार त्यात बुडाले. 'संभाषण' असं नाव दिलं म्हणून विषय बदलत नाही.

म्हणून हे आत्ताच करा. शाळेला लेखी विचारा, वीचॅटवर चालेल, पण लेखी: शनिवारचं काम माझ्या वर्क परमिटवर नोंदलेलं आहे का? नसेल तर मला ते करता येणार नाही. भांडू नका, आवाज चढवू नका. चारचौघांत तर मुळीच नको. तिथे माणसाचा 'म्यान्झ', म्हणजे चारचौघातली पत, गेली की काम होत नाही. विभागप्रमुखांना एकटं गाठून, कायद्याची काळजी वाटते म्हणून विचारतोय असं सांगा. मी त्या खुर्चीत बसलेली आहे. असा प्रश्न सरळपणे विचारणारा शिक्षक प्रमुखाला आवडतो, कारण तपासणी आली की जबाबदारी त्याचीही असते. शाळेनं ऐकलं तर उत्तम. 'सगळेच करतात, काही होत नाही' असं उत्तर आलं, तर त्या शाळेत करार वाढवू नका. पगार कितीही असो. माझं एवढं एकच ठाम मत आहे. बाकी सगळ्यात मी तुमच्याशी चर्चा करायला तयार आहे.

आता मुलं बोलत नाहीत या तक्रारीकडे येते, कारण राहण्याचं सगळ्यात मोठं कारण मला त्यातच सापडलं.

झेंगझोऊत माझ्या पहिल्या वर्गात ५२ मुलं होती. झेंगझोऊ ज्या हनान प्रांतात येतं, तिथून दरवर्षी दहा लाखांहून जास्त मुलं काओखाओला, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेला बसतात. आमची मुलं ती परीक्षा देणार नव्हती, पण वाढली होती त्याच हवेत. मी प्रश्न विचारायचे आणि ५२ जण वहीत बघायचे. मी नाशिकच्या कॉलेजात शिकवून गेलेली. मला वाटलं, मी हरले. मग लक्षात आलं, तास संपला की टेबलापाशी रांग लागते. प्रत्येकाच्या हातात एक वही. तिचं नाव 'छ्वोतीबन', चुकलेल्या गणितांची वही. चुकलेलं गणित कापून चिकटवायचं, शेजारी चूक कुठे झाली ते लाल शाईत लिहायचं, मग पुन्हा सोडवायचं. मुलं गप्प नव्हती. सगळ्यांसमोर चुकायला तयार नव्हती, आणि एकट्यानं चूक मान्य करायला मात्र इतकी तयार होती की मी थक्क झाले. मी तास बदलला. प्रश्न विचारून हात वर करायला सांगणं बंद केलं. दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोला आणि उत्तर कागदावर लिहून वर धरा, असं सुरू केलं. महिन्याभरात वर्ग बोलायला लागला. तुमच्या गणिताच्या वर्गात हे उद्या करून बघण्यासारखं आहे.

त्याहून मोठी गोष्ट दुसऱ्या वर्षी हाती लागली. चिनी शाळेत प्रत्येक विषयाचा 'च्याओयान्झू' असतो, त्या विषयाच्या शिक्षकांचा अभ्यासगट. आठवड्यातून एकदा सगळे बसतात आणि पुढच्या पाठाची तयारी एकत्र करतात. परदेशी शिक्षकांना त्यातून मोकळं ठेवतात, आणि आपल्याला वाटतं बरं झालं, एक मीटिंग वाचली. मी बसू देता का म्हणून विचारलं. त्या दिवशी घर्षणाचा पाठ होता. आठ शिक्षकांनी चाळीस मिनिटं फक्त एवढ्यावर घालवली की तीन उदाहरणांपैकी पहिलं कोणतं घ्यायचं. एका ज्येष्ठ सरांचं म्हणणं होतं, उतारावरचा ठोकळा आधी घेतला तर मुलं बलांची विभागणी करण्यातच अडकतात आणि घर्षण राहतं बाजूला. मग फळा कसा मांडायचा यावर चर्चा: डावीकडे काय राहील, काय पुसायचं, तास संपताना फळ्यावर काय दिसायला हवं. मला अर्धंच कळत होतं, बाकीचं एका तरुण सहकारिणीनं कागदावर लिहून दिलं. आठवड्यानं त्या सरांचा खुला तास होता आणि मागे दहा शिक्षक वह्या घेऊन बसले होते. तास झाल्यावर त्यांनी तीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला तोंडावर सांगितलं की तिसरं उदाहरण घाईत झालं. सरांनी ते लिहून घेतलं.

नाशिकला सात वर्षं शिकवताना माझ्या वर्गात मागे बसून कुणी माझा तास बघितला नव्हता. मी चांगली शिक्षिका झाले असेन, तर ती त्या खोलीत झाले. आज पुण्यात मी शिक्षकांबरोबर जे काम करते, ते तिथूनच आलेलं आहे. म्हणून माझ्या विभागात राहायचं की जायचं यावर घोळणारा प्रत्येक शिक्षक यायचा, तेव्हा मी त्याला विचारायची: गेल्या वर्षी तुझ्या शिकवण्यात काय बदललं, एक गोष्ट सांग. सांगता आली, तर बाकीच्या कटकटींना काहीतरी मोल मिळतंय. नाही सांगता आली, तर विचारायची की तू चिनी शिक्षकाचा एक तरी तास जाऊन बघितलास का. कित्येकांनी तीन-तीन वर्षांत एकही बघितलेला नव्हता. ते परदेशी शिक्षकांच्या खोलीत बसून एकमेकांच्या तक्रारी ऐकत होते. त्या खोलीत कमी बसा, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. मासिक पगारावर जाऊ नका, कर जाऊन घरी किती पाठवता ते बघा. कर भरल्याचा दाखला, करार आणि वर्क परमिट असेल तर पगाराचं परकीय चलन करून बँकेतून रीतसर पाठवता येतं. ओळखीच्या माणसामार्फत अदलाबदल करू नका. तुमच्या पगारातून पेन्शनचे ८ टक्के कापले जात असतील, तर ते तुमच्या वैयक्तिक खात्यात जमा होतात आणि कायमचे परत येताना अर्ज करून काढता येतात. बरेच जण हे न करताच विमानात बसतात. आणि लांबचा विचार करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. साठीनंतर सर्वसाधारण वर्गातलं वर्क परमिट मिळणं फार अवघड होतं, त्यामुळे तिथेच निवृत्त होण्याची वाट आपल्यासाठी जवळजवळ नाही. दुसरं, चीनमध्ये २०२३ मध्ये साधारण ९० लाख मुलं जन्मली, २०१६ च्या जेमतेम निम्मी. बालवाड्या आधीच बंद पडतायत. २०१६ ची मोठी पिढी तुमच्या अकरावीच्या वर्गात २०३२ च्या सुमारास येईल, त्यानंतर बाकं रिकामी होत जातील. तुमच्या विषयाला अजून काही वर्षं आहेत, पण वीस नाहीत.

घरचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण याला भाषा, शाळा, गाव यांपैकी काहीच बदलून उत्तर मिळत नाही. २०२० च्या सुरुवातीला मी सुझोऊत होते. त्या वर्षी २८ मार्चपासून चीननं परदेशी लोकांना दारं बंद केली. घरी गेले तर परत येता येईल याची खात्री नव्हती, म्हणून गेले नाही. मग भारतातून येणाऱ्यांवर वेगळी बंदी आली. माझ्या वडिलांचं शेवटचं आजारपण मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. शाळा, मुलं, पगार सगळं नीट चालू होतं, आणि तरी ती तीन वर्षं मला परत मिळणार नाहीत. आज तशी परिस्थिती नाही. २०२५ च्या ऑक्टोबरपासून कोलकाता ते क्वांगचौ थेट विमानं पुन्हा सुरू झालीत, आणि क्वांगचौहून चांगशा हायस्पीड रेल्वेनं काही तासांवर आहे. पण तुमच्या घरी कुणाची तब्येत नाजूक असेल, तर ते आधी तोला, माझी बाकीची सगळी बडबड नंतर.

बायकोनं याबद्दल काय म्हटलंय, ते तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. त्यांना विचारलंत का? तुम्ही रोज चिडून घरी येता असं लिहिलंय, पण त्या घरात कुणी नाही. मला वाटतं, तुमच्या चिडण्यातला मोठा भाग चांगशाचा नसून त्या रिकाम्या खोलीचा आहे. माझा नवरा दुसऱ्या वर्षी झेंगझोऊला आला. तोच गाव, तीच बँक, तोच धूर, पण मी वेगळी झाले. तुमच्या वर्क परमिटवर त्यांना एस-१, म्हणजे कुटुंबीयांसाठीचा व्हिसा मागता येतो. त्यावर त्यांना तिथे नोकरी करता येणार नाही, हे मात्र आधी बोलून घ्या. सांगलीतली चांगली नोकरी सोडून परक्या गावात दिवसभर एकटं बसणं ही छोटी मागणी नाही.

माझा सल्ला तुमच्या तारखांना धरून असा आहे. निर्णय या आठवड्यात घेऊ नका. डिसेंबर-जानेवारी हा तिथल्या शिक्षकाचा सगळ्यात वाईट काळ असतो: थंडी, परीक्षा, अंधार. शनिवारचा प्रश्न मात्र या आठवड्यातच विचारा. पुढच्या दोन आठवड्यांत गणिताच्या चिनी शिक्षकांचे दोन तास मागे बसून बघा. बायकोला सुट्टीत पंधरा दिवस चांगशाला बोलवा आणि मग दोघं मिळून ठरवा. शाळेकडे थोडी मुदत मागायला हरकत नाही. चांगला गणित शिक्षक वर्षाच्या मध्यात शोधणं किती अवघड आहे ते शाळेला माहीत असतं.

निघायचं ठरलं, तर नीट निघा. कायद्यानं नोकरदारानं तीस दिवसांची लेखी सूचना द्यायची असते, तुमच्या करारात काय लिहिलंय तेही बघा. नोकरी सोडल्याचं पत्र आणि वर्क परमिट रद्द केल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय शहर सोडू नका. त्यांच्यावाचून चीनमधली पुढची शाळा तुम्हाला घेऊच शकत नाही, आणि मनाविरुद्ध निघाला म्हणून ते पत्र अडवून ठेवणाऱ्या शाळा मी बघितल्या आहेत. पोलिसांकडून गुन्हा नसल्याचा दाखला घेऊन तो नोटरीकडून प्रमाणित करून घ्या. पुढे दुबई असो की सिंगापूर, तो बहुतेक मागितला जातो, आणि भारतात बसून मिळवताना नाकीनऊ येतात.

आणि राहायचं ठरलं किंवा अजून ठरत नसलं, तरी सांगलीला आज फोन करून लग्नाचा दाखला काढायला सांगा. एस-१ साठी तो आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी चिनी वकिलातीतून प्रमाणित होऊन यावा लागतो. आमच्या वेळी या तीन टप्प्यांना सात आठवडे लागले होते.